लग्न मे महिन्यात, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट मार्चअखेर... कुणी दोन्ही एकदम निभावलंय का?

अर्धवट_पोळी :
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मी डोंबिवलीची, होणारा नवरा लालबागचा. साखरपुडा झालाय, लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. त्याच्या घरी चाळीतली एक खोली, तिथे आईबाबा, धाकटा भाऊ आणि हा, म्हणजे लग्नानंतर तिथे राहणं शक्यच नाही हे त्याची आईच म्हणते. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय गेलीय असं तो शाळेत असल्यापासून ऐकतोय. म्हणून भाड्याने बघायला निघालो आणि बघता बघता भांडुपला एक रिसेलचा वन बीएचके आवडला. ३८० चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, ९२ लाख. मला सीएसएमटी साइडला जायचं असतं, त्याचं ऑफिस ठाण्यात, त्यामुळे भांडुप दोघांनाही सोयीचं.

दोघांचं मिळून २० लाख सेव्हिंग आहे. बँक ८० टक्के देते म्हणजे आपले १८ लाख ४०, उरलेल्यात फ्रीज, गादी आणि पडदे, असा आमचा हिशोब. विकणाऱ्याला मार्च संपायच्या आत अ‍ॅग्रीमेंट करायचंय. टोकन एक लाख देऊन झालंय.

प्रश्न असा की (१) लग्नाआधी दोघांच्या नावावर घर आणि लोन होतं का? (२) दोन्हीकडचे आईवडील पाचशे माणसांचं लग्न धरून बसलेत, त्यांना आवरायचं का, आणि कसं? (३) हे सगळं एकाच वेळी करणं वेडेपणा आहे का?

विरार_स्लो :
घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. लोक एकेक बघतात, तुम्ही जोडतिकीट काढलंय. साष्टांग दंडवत.

तिसरी_मांजर :
(३) चं उत्तर हो. बाकीचे दोन अनुभवी लोक सांगतील. मी चहा घेऊन बसलेय.

बेरीज_वजाबाकी :
पोळीताई, आधी तुमचा हिशोब दुरुस्त करतो, राग मानू नका. १८.४० हा फक्त घराच्या किमतीतला तुमचा वाटा. स्टॅम्प ड्युटी कुठे आहे? मुंबईत ५ टक्के अधिक १ टक्का मेट्रो सेस, म्हणजे ९२ लाखांवर ५ लाख ५२ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. ब्रोकर १ टक्का धरला तरी ९२ हजार. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो, तो तुम्ही देणार की विकणारा की निम्मा निम्मा हे आत्ताच बोलून घ्या, नंतर त्यावरून भांडणं होतात. झाले २५ लाख ३९ हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंग, टेम्पो मी धरलेलंच नाही. आणि बँक स्टॅम्प ड्युटीला कर्ज देत नाही, ते पैसे खिशातूनच जातात, आणि तेही अ‍ॅग्रीमेंटच्या दिवसाआधी.

थोडक्यात साडेपाच लाख कमी पडतायत.

हप्ता: ८ टक्क्याने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८३६. ७३.६० लाखांचे झाले साडेएकसष्ट हजार. घर ५० लाखांच्या वर आहे म्हणून विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा आहे, हे ब्रोकर हमखास सांगायला विसरतात आणि मग नोटीस तुम्हाला येते.

एक चांगली बाजू, रिसेल आहे म्हणून जीएसटी नाही. अंडर कन्स्ट्रक्शन असतं तर ५ टक्के अजून.

डोंबिवलीचा_डास :
अंडर कन्स्ट्रक्शनचा विषय निघालाच आहे तर ऐका. २०१४ ला फ्लॅट बुक केला, लग्न २०१५ ला. बिल्डर साहेब म्हणाले होते दिवाळीला चावी. कुठल्या दिवाळीला ते आम्ही विचारलं नाही ही आमची चूक. भाडं भरतोय, प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंतचं नुसतं व्याज) भरतोय, दर रविवारी बायकोला घेऊन साइटवर जायचो आणि वॉचमनला विचारायचो कितवा स्लॅब पडला. त्या वॉचमनच्या पोरीच्या बारशाला जाऊन आलो आम्ही. पझेशन आलं तेव्हा आमचा मुलगा नर्सरीत होता. रेरा, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, १ मे २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या लोकांनी काय सोसलंय ते सोसलंय. आता निदान करार रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर मागता येत नाहीत.

तेव्हा ताई, रिसेल घेताय ते बरं करताय. दिसतंय तेच मिळतंय.

कांजूरचा_वारा :
भांडुपला कुठे, ईस्ट की वेस्ट? ईस्टला असेल तर एकदा रात्री अकराच्या पुढे जाऊन खिडकी उघडून उभी राहा. कांजूरच्या डंपिंगचा वास कसा येतो ते ब्रोकर सकाळी दहाला दाखवत नाही. मी आयडी उगाच नाही घेतला. वेस्टला असेल तर वास कमी पण मग स्टेशनची गर्दी आणि एलबीएस रोड, निवड तुमची.

अर्धवट_पोळी :
@बेरीज_वजाबाकी काल रात्री झोप लागली नाही. स्टॅम्प ड्युटी असते हे माहीत होतं हो, पण ती लोनमध्ये जाते असं ब्रोकर म्हणाला होता.
@कांजूरचा_वारा वेस्टला. हुश्श.

वरणभाततूप :
मग सरळ आहे की, साडेपाच लाख लग्नातून काढा. पाचशे माणसं गुणिले नऊशे रुपये ताट म्हणजे साडेचार लाख नुसतं जेवण, त्यात हॉलवाल्याचाच केटरर घ्यायची सक्ती, वर डेकोरेशनवाला त्याचाच, भटजी तेवढे आपले. अशा चारशे लोकांना कशाला जेवू घालायचं ज्यांच्यातल्या तीनशेंना नवरा कुठला आणि करवला कुठला ते कळत नाही? पन्नास माणसांत करा, पैसे घरात घाला. आम्ही तेच केलं, आज कुणाला आठवतही नाही काय जेवलो.

गिरगावचे_आजोबा :
वरणभाततूप, तुमचं म्हणणं हिशोबाला बरोबर आहे पण हिशोब पुरा नाही.

माझं लग्न १९८३ चं. गिरगावात दहा बाय बाराची खोली, आम्ही सात माणसं. लग्नानंतर मध्ये पडदा लावला आणि वडील सहा महिने कॉमन गॅलरीत झोपले, पावसाळ्यात सुद्धा. बोरिवलीला घर घेतलं ते सहा वर्षांनी. त्यामुळे मुलांनी आधी घर बघावं या मताचा मी आहेच, पडद्याचं कौतुक मला कुणी सांगू नये.

पण आमच्या घरी एक वही होती. कुणाच्या लग्नात किती आहेर केला, कुणाच्या मुंजीला काय दिलं, सगळं आई लिहून ठेवायची. मुलीचे वडील तीस वर्षं लोकांच्या कार्याला जाऊन जेवून आलेले असतात. त्यांना पाचशे माणसं मिरवायला नको असतात, त्यांना परतफेड करायची असते. त्यांना जाऊन 'चारशे माणसं कापा' असं म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही त्यांना लोकांचं देणं बुडवायला सांगताय. यादी घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि एकेक नाव त्यांनाच वाचायला सांगा. नावं ते स्वतः खोडतात. मी माझ्या मुलीच्या वेळी स्वतःच्या हाताने दोनशे खोडली, त्यात एक माझा सख्खा मावसभाऊ होता, तो अजून बोलत नाही.

वरणभाततूप :
आजोबा, मावसभाऊ बोलत नाही हा फायदा धरायचा की तोटा?

गिरगावचे_आजोबा :
तो भेटला की दोन तास राजकारणावर बोलायचा. तुम्हीच ठरवा.

निळी_छत्री :
गंमत चालू आहे त्यात जरा मिठाचा खडा टाकतेय. (१) बद्दल.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरकडून फ्लॅट 'घेऊन ठेवलेला' होता, नवरा आणि सासऱ्यांच्या नावावर. हप्ता मात्र लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माझ्या खात्यातून जायला लागला, कारण त्याचा पगार घरखर्चाला आणि माझा हप्त्याला असं सोयीचं वाटलं. सात वर्षं भरला. वेगळे झालो तेव्हा मला कळलं की माझ्याकडे सात वर्षांची बँक स्टेटमेंट्स आहेत आणि घर नाहीये. भांडून काही रक्कम मिळाली, पण किती वर्षं गेली आणि वकिलाला किती गेले ते लिहीत नाही.

पोळी, तुझं नाव अ‍ॅग्रीमेंटमध्ये हवं. 'नंतर टाकू' नाही, 'नॉमिनी करू' तर मुळीच नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मुलगा चांगलाच असणार, माझाही लग्न ठरलं तेव्हा चांगलाच होता.

तिसरी_मांजर :
+१००. नीळूताई, शेवटचं वाक्य उगाच हसवून गेलं, सॉरी.

विरार_स्लो :
मग उलट करा ना, फक्त बायकोच्या नावावर घ्या. महिलांना स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, ९२ हजार वाचले, ब्रोकरचे पैसे निघाले. सिक्सर.

बेरीज_वजाबाकी :
सूट आहे, पण घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर असेल तरच. जोडीने घेतलं की गेली. आणि नवरा मालक नसेल आणि नुसता सहकर्जदार असेल तर त्याला हप्त्यावर टॅक्सची सवलत मिळत नाही, त्यासाठी मालकही असावं लागतं आणि कर्जदारही. टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये दोघंही मालक-कर्जदार असतील तर व्याजाचे दोन दोन लाख प्रत्येकी मिळतात. नव्या रिजीममध्ये राहत्या घराला यातलं काहीच नाही, तिथे हा मुद्दाच निकालात निघतो. दोघं कुठल्या रिजीममध्ये आहात ते बघून ठरवा.

विरार_स्लो :
सिक्सर नव्हता, बाउंड्रीवर कॅच गेला.

कोर्टमॅरेजवाली :
मुद्दा (१) वर माझा अनुभव. लग्नाआधी दोघांच्या नावावर घर घ्यायला कायद्याने काही अडचण नाही, कुणीही दोघं घेऊ शकतात. अडतं ते बँकेत. आम्ही तीन बँका फिरलो, एक म्हणाली नवराबायको किंवा रक्ताचं नातं हवं, दुसरी म्हणाली लग्नपत्रिका आणा (पत्रिका छापलेलीच नव्हती, मी घरी वर्डमध्ये बनवून नेली, गणपती तिरका आला होता), तिसरीने लग्नाचं सर्टिफिकेट नंतर देण्याच्या बोलीवर दिलं असतं पण व्याज जास्त.

शेवटी आम्ही आधी रजिस्टर लग्न करून टाकलं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही की तीन साक्षीदार घेऊन सह्या. सर्टिफिकेट हातात, बँक गप्प. वैदिक लग्न अडीच महिन्यांनी घरच्यांच्या हौशीप्रमाणे. तुम्हाला मार्चअखेर गाठायचं असेल तर नोटीस याच आठवड्यात द्यायला लागेल, बघ.

तोटे: सासूबाई तोपर्यंत मला सून मानत नव्हत्या आणि बँक मानत होती, असे अडीच महिने गेले. आणि नवरा आता दोन्ही अ‍ॅनिव्हर्सऱ्या विसरतो.

अजून एक, हे फार महत्त्वाचं: अ‍ॅग्रीमेंटमध्ये तुझ्या नावामागे वडिलांचं नाव असेल. लग्नानंतर हौसेने आधार, पॅन, बँक सगळीकडे नवऱ्याचं नाव-आडनाव लावलंस की प्रत्येक ठिकाणी 'ही तीच बाई' असं अ‍ॅफिडेव्हिट देत फिरशील. मी फिरलेय. मी आता माहेरचंच नाव ठेवलंय, तत्त्व वगैरे काही नाही, कंटाळा.

डोंबिवलीचा_डास :
'गणपती तिरका आला होता' याला मी दहा मिनिटं हसतोय.

म्हाडाभक्त :
म्हाडाच्या घरांच्या लॉटरीचा विचार केलात का? एकदा मुंबईत स्वतःचं पक्कं घर झालं की मग मुंबईच्या लॉटरीत बसता येत नाही, नवराबायकोपैकी एकाचंही असलं तरी. डोमिसाइल काढून ठेवा. मी २००९ पासून भरतोय.

तिसरी_मांजर :
लागलं का?

म्हाडाभक्त :
दोनदा वेटिंगला होतो.

भाडेकरू_सुखी :
मला एक कळत नाही, एवढी घाई कशाला? भांडुपला वन बीएचकेला भाडं किती, पंचवीस-सत्तावीस हजार? हप्ता साडेएकसष्ट. वरचे चौतीस हजार दर महिन्याला बाजूला टाका, दोन वर्षांत आठ लाखांच्या वर जमतील, तोपर्यंत संसार कसा चालतो ते कळेल, नोकऱ्या कुठे जातात ते कळेल, एकमेकांचं घोरणं कळेल. पहिल्या वर्षी लग्न, घर, हप्ता, सासर सगळं एकदम अंगावर घेतलं की भांडण गादीच्या रंगावरून होतं आणि असतं ते पैशाचं.

वरणभाततूप :
आणि दोन वर्षांत ९२ चे एक कोटी पाच झाले तर? अकरा महिन्यांनी मालक म्हणतो मुलगा अमेरिकेहून येतोय, खाली करा. मी पाच वर्षांत चार घरं बदलली, कुठल्याच मालकाचा मुलगा आला नाही.

भाडेकरू_सुखी :
झाले तर झाले. मी भावाचं बोलत नाहीये, मी त्या दोघांचं बोलतोय.

कांजूरचा_वारा :
मार्चअखेरची घाई विकणाऱ्याची नाही, ब्रोकरची असते. एक एप्रिलला रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेले जागेचे) दर बदलू शकतात म्हणून 'मार्चमध्ये करा' हे दरवर्षीचं गाणं आहे. स्टॅम्प ड्युटी अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि रेकनर यातल्या जास्त रकमेवर लागते. तुमची किंमत रेकनरच्या वर असेल तर एप्रिलमध्ये आभाळ कोसळत नाही.

आणि ताई, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (फ्लॅट कुणाचा ते दाखवणारा कागद) कुणाच्या नावावर आहे ते पाहिलंत का? स्वतःच्या डोळ्यांनी?

अर्धवट_पोळी :
ब्रोकर म्हणाला सगळं क्लियर आहे.

कांजूरचा_वारा :
तोच ना, ज्याने स्टॅम्प ड्युटी लोनमध्ये घातली?

आधी_मुहूर्त :
यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यात लग्नं होत नाहीत म्हणून मेचा पहिला पंधरवडा सगळ्यांनीच धरलाय. हॉल मिळालाय तो सोडू नका, नंतर आषाढीपर्यंत तेवढेच काय ते मुहूर्त आणि मग थेट तुळशीच्या लग्नानंतर.

विरार_स्लो :
अधिक महिन्यात जावयाला तीस-तीन अनारसे द्यायचे असतात. पोळीताईंच्या वडिलांच्या बजेटमध्ये ते पण धरा. आणि रुखवतात यंदा मॉड्युलर किचन मांडा, सगळाच प्रश्न मिटला.

तिसरी_मांजर :
माझ्या मामेबहिणीच्या रुखवतात खरंच पुठ्ठ्याचा टू बीएचके होता, लिफ्टसकट. खरा अजून व्हायचाय.

अर्धवट_पोळी :
मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. खूप झालंय, सगळं लिहिते.

आजोबा, तुमचं ऐकलं. बाबांच्या शेजारी यादी घेऊन बसले. पहिला अर्धा तास ते प्रत्येक नावाची गोष्ट सांगत होते, हा माझ्याबरोबर पार्सल ऑफिसला होता, ह्याने तुझ्या जन्माच्या वेळी टॅक्सी आणली होती. मला वाटलं एकही नाव जाणार नाही. मग स्वतःच पेन घेतलं. ४७० वरून २१० वर आले. तिकडे लालबागला मात्र वेगळंच झालं, सासरे म्हणाले चाळीतलं एकही घर गाळायचं नाही, दोन मजल्यांना आमंत्रण असणारच, आणि मला वाटलं आता भांडण, तर ते म्हणाले चाळीचं जेवण आपण चाळीतच करू, खाली मंडप घालून, पुरीभाजी आणि जिलेबी, सगळे हातभार लावतात. हॉलचं ताट वाचलं. माप पण तिथेच ओलांडायचं असं सासूबाईंनी ठरवून टाकलंय, 'फ्लॅटला उंबरठा असतो का धड?' म्हणाल्या. मी मान डोलावली.

दोन्हीकडून मिळून लग्नातले चार लाख वाचतील असं दिसतंय. बाबा ते घरासाठी द्यायला तयार आहेत. घ्यावेत की नाही यावर माझं आणि त्याचं एक मोठं भांडण झालं, तो नको म्हणतो.

@कोर्टमॅरेजवाली नोटीस दिली. साक्षीदारांत सासूबाईंनी स्वतःहून नाव दिलं, म्हणजे आमच्यात कुणी कुणाला मानायचं हा प्रश्न सुटला.

आता फ्लॅट. कांजूरचा_वारा, तुम्हाला काय म्हणू. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसले. शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर, ते वारलेत, आणि एक बहीण आहे बडोद्याला, तिने हक्कसोड दिलेलंच नाही. हा एकटाच विकायला निघाला होता. वकिलाने सरळ सांगितलं की बहिणीची सही असलेलं रजिस्टर्ड रिलीज डीड (हक्कसोडपत्र) आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. विकणारा म्हणतो बहीण 'येईल गुढीपाडव्यापर्यंत', ब्रोकर म्हणतो तुम्ही फार शंका घेता.

निळी_छत्री :
घ्या शंका. भरपूर घ्या.

बेरीज_वजाबाकी :
टोकनची पावती आहे ना? लेखी मागा परत.

गिरगावचे_आजोबा :
पैशाचं, पोळी. तो नको म्हणतो ते मला आवडलं, तुझे बाबा देतो म्हणतात तेही आवडलं. उसने घ्या आणि वहीत लिहा. परत करताना बाबा घेणार नाहीत, पण लिहा.

अर्धवट_पोळी :
टोकन परत मिळालं! आठ दिवस फोन केले, शेवटी सासरे लालबागचे चार जण घेऊन नुसते चहा प्यायला गेले होते ब्रोकरकडे. काही बोलले नाहीत म्हणे. चहा पिऊन आले.

सध्या भांडुपलाच भाड्याने बघतोय, अकरा महिन्यांसाठी. बहिणीची सही आली तर तोच फ्लॅट, नाहीतर दुसरा. भाडेकरू_सुखी, हसू नका.

भाडेकरू_सुखी :
मी काहीच बोललो नाही.

विरार_स्लो :
आणि हॉलचं टोकन?

अर्धवट_पोळी :
ते परत मिळत नाही असं पावतीवरच छापलंय. त्यामुळे लग्न नक्की.

डोंबिवलीचा_डास :
चाळीतल्या जिलेबीला बाहेरचे चालतात का?